नोकरी सोडण्याआधी दोघांचा हिशेब

मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्या की खाजगी शाळांच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, "मॅडम, मी जूनपासून येणार नाही." कारण बहुतेक वेळा एकच असते. घरात बाळ आलेले असते किंवा येणार असते आणि सांभाळायला कोणी नसते. एमआयडीसीत बियाणे निवडायला, पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना तर राजीनामाही द्यावा लागत नाही. एक दिवस त्या यायच्या थांबतात, हजेरीतून नाव जाते आणि विषय संपतो.

मुलासाठी आईने किंवा वडिलांनी काही वर्षे घरी राहावे यात कमीपणा काहीच नाही. लहान मुलाला माणूस लागते, हे शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. माझा मुद्दा वेगळा आहे. हा निर्णय आपल्या घरांमध्ये ज्या पद्धतीने घेतला जातो, ती पद्धत मला मान्य नाही. घर बांधायचे असेल तर आपण विटांपासून सळईपर्यंत सगळ्याचा हिशेब मांडतो. मुलीचे लग्न काढले तर दोन वर्षे आधीपासून भिशी लावतो. पण घरातला एक पगार कायमचा बंद होणार असतो, तेव्हा कागदाचा तुकडाही कोणी हातात घेत नाही. एकच प्रश्न विचारला जातो, "तुझ्या पगारातून उरतं तरी किती?"

या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

समजा, एक जोडपे आहे. नवरा रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे आहे. मूळ पगार १६,००० रुपये आणि ओव्हरटाइम चालू असेल तर वर साधारण ५,५०० रुपये. बायको विनाअनुदानित शाळेत आहे, पगार ९,००० रुपये. तिच्या रिक्षाला महिन्याला १,२०० रुपये जातात, मुलाला सांभाळणाऱ्या शेजारच्या खाला १,५०० रुपये घेतात. मग घरात हिशेब असा होतो की नऊ हजारातून सत्तावीसशे गेले, राहिले सहा हजार तीनशे, त्यासाठी एवढी दगदग कशाला?

बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, मांडणी चुकीची आहे. मूल दोघांचे असेल तर मूल सांभाळण्याचा खर्च एकट्या आईच्या पगारातून का वजा होतो? खालांचे १,५०० रुपये ही दोघे कामावर जाऊ शकतात याची किंमत आहे. ती घराच्या एकूण खर्चात लिहिली पाहिजे, किराणा आणि दुधाच्या शेजारी. एवढा एक बदल केला तरी चर्चेचा सूर बदलतो. "तुझी नोकरी परवडत नाही" याऐवजी "आपल्याला काय परवडते" असा प्रश्न उभा राहतो.

आता त्याच घराचा पूर्ण महिना मांडू. घरभाडे ४,५००, किराणा आणि गॅस ८,०००, दूध १,५००, लाइट बिल आणि मोबाइल १,५००, दोन मोठ्या मुलांची शाळा आणि रिक्षा ३,०००, औषधपाणी १,०००, गावाकडे अम्मी-अब्बूंना १,५००, फायनान्सचा हप्ता ३,०००, तिची रिक्षा १,२००, खालांचे १,५००. एकूण २६,७००. ओव्हरटाइम धरून दोघांची कमाई ३०,५००. महिन्याला ३,८०० रुपये हाती राहतात. फार नाही, पण गाडी चालते.

तिने काम सोडले की तिची रिक्षा आणि खालांचे पैसे वाचतात. खर्च २४,००० वर येतो. कमाई ओव्हरटाइमसकट २१,५००. म्हणजे महिन्याला २,५०० रुपये कमी पडतात. ही चांगल्या महिन्याची गोष्ट झाली. ओव्हरटाइम बंद झाला तर कमाई फक्त १६,००० आणि तूट थेट ८,०००.

ओव्हरटाइम बंद होणे ही जालन्यात अपवादाची गोष्ट नाही. आपले शहर पोलादाचे आणि बियाण्यांचे. दोन्ही धंद्यांना हंगाम असतो. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, सळईची मागणी उतरते, मिलमधल्या पाळ्या कमी होतात. भट्टी विजेवर चालते, त्यामुळे विजेचे दर वाढले की मालक आधी उत्पादनाला हात लावतो. बियाण्यांच्या कामाची गर्दी पेरणीच्या आधी, नंतर हात रिकामे. "जालना सोने का पालना" ही म्हण आपण अभिमानाने सांगतो, पण ठेकेदाराकडच्या कामगाराचा पगार सोन्यासारखा स्थिर नसतो. म्हणून पहिला नियम मी असा सांगेन की ओव्हरटाइमला पगार समजू नका. घरी बसण्याचा हिशेब मूळ पगारावर मांडा, ओव्हरटाइम मिळाला तर तो शिलकीत टाका.

वर्षातले चार महिने मंदीचे धरले तर या घराची वर्षाची तूट निघते ५२,००० रुपये. चार महिन्यांचे बत्तीस हजार, आठ महिन्यांचे वीस हजार. मूल बालवाडीत जाईपर्यंत तीन वर्षे लागतात. तीन वर्षांत दीड लाखाच्या वर खड्डा. हा खड्डा कसा भरला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. आधी तिचे दागिने गहाण जातात, मग दुसऱ्या फायनान्सचे कर्ज घेऊन पहिल्याचे हप्ते भरले जातात. आणि त्यानंतर शाळेकडे नजर वळते. मुलगा आणि मुलगी दोघे शिकत असतील तर कोणाची रिक्षा आधी बंद होते, हे मी वर्गात बसून पाहिलेले आहे. आठवीतल्या हुशार मुलीची हजेरी कमी होऊ लागते. विचारले की कळते, घरी बाळ आहे, पैशाची ओढाताण आहे, आणि "मुलीचं काय, पुढे बघू." आईच्या राजीनाम्याची किंमत शेवटी मोठी मुलगी भरते. या विषयावर लिहावेसे वाटले ते मुख्यतः त्यामुळे.

आता त्याच हिशेबात एकच गोष्ट बदलू. नोकरी सोडण्याआधी फायनान्सचे कर्ज फेडून टाकले, असे धरा. महिन्याचा खर्च २१,००० झाला. ओव्हरटाइमच्या महिन्यात ५०० रुपये शिल्लक, मंदीच्या महिन्यात ५,००० तूट. वर्षाची तूट ५२,००० वरून १६,००० वर आली. तीन वर्षांचे ४८,०००. घर तेच, पगार तोच, फक्त क्रम बदलला. आधी हप्ता संपवायचा, मग राजीनामा द्यायचा. छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा आहे की घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. पण हे मोजमाप कर्ज देताना होते. पुढे तुमच्या घरातला एक पगार बंद झाला, तर ते मोजायला कोणी परत येत नाही. ते आपले आपणच मोजायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे सराव. राजीनामा देण्याच्या सहा महिने आधीपासून घर एका पगारावर चालवून पाहा. तिच्या पगारातून रिक्षाचे आणि सांभाळण्याचे पैसे काढून उरलेले ६,३०० रुपये तिच्याच खात्यात पडू द्या, त्यांना हात लावू नका. सहा महिन्यांत ३७,८०० रुपये जमा होतात. वरच्या हिशेबातल्या तीन वर्षांच्या तुटीचा मोठा भाग तिथेच निघाला. आणि सहा महिन्यांत ते खाते चार वेळा फोडावे लागले, तर निर्णय पुढे ढकलायला हवा हेही वेळेत कळले. ईद, शाळेची फी, एखादे आजारपण, गावचे लग्न यांतला एक तरी मोठा खर्च या सहा महिन्यांत यायला हवा. फक्त सोप्या महिन्यांचा सराव कामाचा नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. पगार थोडा असतो म्हणून आपण धरून चालतो की आपले काही हक्कच नाहीत. तसे नाही. प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा त्यात आहे, त्यानंतरच्या मुलासाठी १२ आठवड्यांची. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहे. आपल्या बायका काय करतात? सातव्या महिन्यात आधी राजीनामा देतात आणि घरी बसतात. राजीनामा दिला की रजेचा प्रश्नच संपला. कायमचे थांबायचे असले तरी रजा आधी मागा, लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. थांबायचे की परतायचे हे रजा संपताना ठरवता येते. बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर घेतलेला निर्णय पोटात असताना घेतलेल्या निर्णयापेक्षा बहुधा शहाणा असतो.

कारखान्यात किंवा कंपनीत काम असेल आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआयसी पाहा. तिथे कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालकाकडून सव्वातीन टक्के. त्या बदल्यात उपचार मिळतात आणि विमाधारक स्त्रीला प्रसूतीच्या काळात पगाराइतका लाभ मिळतो. ठेकेदाराकडचा कामगार आहे म्हणून हे लागू नाही, असे नसते. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. म्हणून घरी बसण्याआधी दोघांचे नंबर तपासा. तिचा विमा बंद झाल्यावर घर कोणाच्या विम्यात आहे, बाळाचे नाव त्यात चढले आहे का, हे आधी बघायला हवे. आजारपण आल्यावर ही धावपळ होत नाही.

पीएफचे पासबुक मोबाइलवर दिसते. ते उघडून पाहा आणि वारसाचे नाव लावा. नोकरी सोडली की लगेच सगळे काढून घेण्याची घाई अनेक जणी करतात, किंवा त्यांच्याकडून करवून घेतली जाते. पाच वर्षे सेवा पूर्ण होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो. शिवाय पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. पुढे परत नोकरी करायचा विचार असेल तर आधीची वर्षे हिशेबात जोडता येतात, त्यासाठी खाते जिवंत ठेवावे लागते.

ग्रॅच्युइटीबद्दल शिक्षिकांनी विशेष ऐकावे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत. त्यावर संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन लागू केला. खाजगी शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे खाजगी शाळेतल्या शिक्षिकेची पाच वर्षे सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी तिचा हक्क आहे. हिशेब सोपा आहे. शेवटच्या पगाराला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग सेवेच्या वर्षांनी गुणा. १२,००० पगार आणि पाच वर्षे असतील तर साधारण ३४,६०० रुपये होतात. चार वर्षे दहा महिने झाली असताना राजीनामा देणाऱ्या बहिणीला कोणीतरी सांगायला हवे की दोन महिने थांब. अनेक शाळा दर वर्षी उन्हाळ्यात नेमणूक तोडून जूनला नवा आदेश देतात. म्हणून सगळे जुने आदेश, पगाराच्या नोंदी, हजेरीचे पुरावे जपून ठेवा. ते कागद उद्या कामाला येतील.

इथवर झाला तो पैशाचा हिशेब. आता माणसांचा.

पगार बंद झाल्यावर स्त्रीच्या हातात काय उरते? आपल्या बहुतेक घरांचे उत्तर असे की काहीच नाही, पण तिला कमी काय आहे? मागितले की मिळते. हे 'मागितले की' मला खटकते. काल स्वतःच्या पैशाने अम्मीसाठी औषध आणणारी बाई आज पन्नास रुपयांसाठी कारण सांगते. भांडण होत नाही, कोणी वाईट वागत नाही, तरी घरातली तिची जागा बदलते. आणि हे सर्व त्या काळात, जेव्हा तिचे काम सर्वांत जास्त असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात असे दिसले, पुरुष ९७ मिनिटे. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करण्याचा वेळ त्याहून वेगळा मोजला होता.

१० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य या खटल्यात निकाल दिला. घटस्फोटित मुस्लीम स्त्रीला कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हा त्याचा मुख्य भाग. आपल्याकडे चर्चा तेवढ्यावरच झाली. कोणी बाजूने बोलले, कोणी शरियतीत हस्तक्षेप म्हणून विरोधात. पण न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात सुखी संसारातल्या गृहिणीबद्दलही लिहिले आहे. ज्या पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही तिला पैसा सहज हाताशी असला पाहिजे, संयुक्त बँक खाते किंवा एटीएम कार्ड यांतून नवऱ्याने तिला आर्थिक आधार द्यावा, असा त्याचा आशय आहे. त्या निकालावरून ज्यांचे मतभेद आहेत त्यांनीही एवढ्या सल्ल्याला विरोध करावा असे त्यात काय आहे? हा सल्ला सर्व भारतीय नवऱ्यांना आहे.

न्यायालयाने गृहिणीच्या कामाची रुपयांत किंमत केल्याचे एक जुने उदाहरण पोलादाच्याच शहरातले आहे. ३ मार्च १९८९ रोजी जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या एका समारंभात आग लागली आणि अनेक बायका-मुले दगावली. भरपाईच्या त्या खटल्यात, लता वाधवा विरुद्ध बिहार राज्य, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. रक्कम त्या काळची. विचार करण्यासारखे हे आहे की बाईच्या घरकामाची किंमत कागदावर आली ती ती गेल्यानंतर. ती जिवंत असताना, घरात असताना आपण ती किंमत लिहिली तर काय बिघडेल?

इस्लाम या बाबतीत गप्प आहे असे कोणी समजू नये. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत अंगावर पाजणाऱ्या आईची गोष्ट आहे. तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी रीतीप्रमाणे बापावर आहे, मुलाच्या कारणाने आईचेही नुकसान होऊ नये आणि बापाचेही, आणि दूध तोडायचे ते दोघांच्या राजीखुशीने आणि मसलतीने, असा तिचा मतलब आहे. दूध कधी तोडायचे हेही जिथे एकाने ठरवायचे नाही, तिथे नोकरी कधी सोडायची हे एकटा नवरा किंवा एकटी सासू कशी ठरवते? हिंद बिन्त उत्बा यांची हदीस आपण ऐकलेली आहे. नवरा हात आखडतो, ही तक्रार घेऊन त्या आल्या तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी त्यांना स्वतःला आणि मुलांना पुरेल इतके रीतीने घेण्याची परवानगी दिली. नफका हा उपकार नाही, हक्क आहे.

मेहरचेही तेच. किती घरांत मेहर निकाहनाम्यावर लिहिलेला असतो आणि तिथेच राहतो. मुअज्जल म्हणून पुढे ढकललेली रक्कम बायकोच्या हातात कधी पडणार, हे नवऱ्यालाही माहीत नसते. माझी सूचना अशी की ज्या वर्षी बायको मुलासाठी नोकरी सोडते, त्या वर्षी मेहर चुकता करावा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवून तिच्या खात्यात टाकावा. तिला त्याची सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते. दागिन्यांचाही विचार तेव्हाच करायला हवा. हनफी मताप्रमाणे दागिन्यांवर जकात असते आणि ती दागिन्यांच्या मालकिणीवर असते. साडेसात तोळे सोने अंगावर आणि हातात एक रुपया नाही, अशी बाई जकात कशातून देणार? आजवर ती पगारातून देत होती.

व्याजाचा प्रश्न हमखास येईल. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी ते टाळावे, आपापल्या आलिमांना विचारावे. सोने आहे, भिशी आहे, बिनव्याजी उसनवारी करणाऱ्या संस्था काही शहरांत आहेत. पण व्याज नको म्हणून बचतच नको, हा कुठला न्याय? आणि गंमत अशी की व्याज घ्यायला घाबरणारी घरे फायनान्सला व्याज द्यायला मात्र बिनदिक्कत सही करतात.

काही जण म्हणतील, रिज्क अल्लाहच्या हातात आहे, एवढा हिशेब कशाला? रिज्क त्याच्याच हातात आहे. पण हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखून ठेवायला सांगितले, ते दुष्काळाच्या सात वर्षांसाठी. तवक्कुल आणि नियोजन एकत्र कसे चालते याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. मिलमध्ये पाळ्या भरून चालतात तेव्हा साठवा, मंदीत खर्च करा.

दुसरा आक्षेप असा की संसारात लिहिणे-मोजणे आले की मोहब्बत जाते. कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिथे विश्वास नाही म्हणून लिहायचे नसते, विश्वास टिकावा म्हणून लिहायचे असते. घरात वाद बहुतेक वेळा न बोललेल्या आकड्यांवरून होतात.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी बोलत नाही, पण मीच विचारते. घरी राहायचे ते आईनेच, हे कोणी ठरवले? अंगावर पाजण्याचा काळ सोडून देऊ. पण बायको अनुदानित शाळेत कायम असेल, महिन्याच्या महिन्याला पगार येत असेल, आणि नवरा ठेकेदाराकडे आज आहे उद्या नाही अशा कामावर असेल, तर वर्षभर घरी कोणी थांबावे हे हिशेबानेच सांगावे. मिल बंद पडल्यावर आपल्या वस्त्यांमध्ये पुरुष घरी असतातच. तेव्हा ते मूल सांभाळतात, पण लाजत, लपवत. हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की रसूलुल्लाह (सल्ल.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. मग आपल्याला लाज कसली?

सरकारी मदतीबद्दल थोडेसे. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५,००० रुपये आहेत, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० ज्यांना मिळतात त्यांनी घ्यावेत. पण घराचा पाया त्यावर रचू नये. योजनांच्या अटी बदलतात, केवायसी अडकते, पैसे उशिरा येतात. त्याला ओव्हरटाइमसारखेच धरा, आले तर शिल्लक.

आणि परतीची वाट उघडी ठेवा. तीन वर्षांनी मूल शाळेत जाईल, मग काय? शिक्षिकेने टीईटी घरी असतानाच द्यावी. प्रमाणपत्राला २०२१ पासून आयुष्यभराची वैधता आहे, त्यामुळे ते वाया जात नाही. अनुभवाचा दाखला राजीनाम्याच्या दिवशीच घ्यावा, तीन वर्षांनी मुख्याध्यापक बदललेले असतात. कंपनीत जाणाऱ्या बाईने पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफ-ईएसआयचे नंबर एका पिशवीत ठेवावेत. घरी बसणे हा काही वर्षांचा टप्पा असू शकतो, तो जन्मभराचा व्हावा अशी सक्ती नाही.

राजीनाम्याच्या अर्जाआधी एक साधा कागद घ्या. त्यावर पाच ओळी लिहा. मूळ पगारावर घराचा महिन्याचा हिशेब काय. कर्ज किती आणि कधी फिटणार. तिचे रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मेहर मिळून किती होते आणि ते कोणत्या खात्यात जाणार. दर महिन्याला तिच्या हातात, न मागता, किती पडणार. आणि परत कामावर जायचे की नाही याचा विचार कोणत्या महिन्यात करायचा. खाली दोघांनी सही करावी. सासू-सासरे एकत्र राहत असतील तर त्यांनाही वाचून दाखवावा. हा कागद कोर्टात जाण्यासाठी नाही, कपाटात कुरआनशरीफच्या शेजारी किंवा मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवण्यासाठी आहे.

ज्यांच्या घरी येत्या जूनआधी हा प्रश्न येणार आहे, त्यांना अजून सराव करायला वेळ आहे. पुढच्या पगारापासून सुरुवात करता येईल.